दगडफुलाचं वय

पत्र्यावर कुणालाही चढू द्यायचं नाही, यावर वरुट्यांच्या घरात मायलेकांचं एकमत झालं, तेव्हाच गल्लीला शंका यायला हवी होती. मंगलकाकू आणि त्यांचा धीरज यांचं गेल्या एकोणचाळीस वर्षांत चहात साखर किती, यावरसुद्धा एकमत झालेलं नव्हतं.

इचलकरंजीतल्या त्या गल्लीत घरोघरी माग आणि मागांवर सिमेंटचे पत्रे. सन २०४३ उजाडलं तरी निम्मी गल्ली त्याच करड्या पत्र्यांखाली नांदत होती. नवे पत्रे बनवायला बंदी येऊन नऊ वर्षं झाली होती, पण बंदी आली म्हणून डोक्यावरचं छप्पर काही उडून जात नाही. काढायला जावं तर पत्रा तुटतो, तुटला की त्यातली धूळ उडते, आणि काढलेले हजारो पत्रे पुरायचे कुठं, हा प्रश्न उरतोच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी सगळ्यांची गत झाली होती.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सागर चोपडे दारात आला. सागर समोरच्याच घरातला, धीरजच्या वर्गातला, आणि आता महापालिकेच्या आरोग्य विभागात मुकादम. त्याच्याबरोबर विद्यापीठातल्या डॉक्टर तरन्नुम मुजावर होत्या. वय असेल तिशीच्या आसपास, खांद्याला पिशवी आणि हातात एक साधी पोलादी पट्टी.

"काकू, ह्या मॅडम पत्र्यावरचं दगडफूल बघायला आल्यात," सागर म्हणाला. "दहा मिन्टांचं काम हाय."

"मसाल्याला पायजे असलं तर डब्यातलं देते की. पत्र्यावर चढायचं न्हाई."

आतून धीरज मागाचा खटका बंद करून बाहेर आला. "बरोबर बोलती आई. पत्रा जुना झालाय. पाय गेला आत, म्हंजे मागाचं बी नुकसान आणि मॅडमचं बी. उगं कशाला?"

मंगलकाकूंनी चमकून लेकाकडे पाहिलं. हा कधीपासून आपल्या बाजूनं बोलायला लागला?

"बरं, ऱ्हायलं," सागर म्हणाला. "पण फॉर्म तर भरायला पायजे. घरातला पत्रा कोण घासायचं, किती वर्षं घासलाय, तेवढं सांगा. ज्यांनी घासलाय त्यांची छाती तपासायची हाय, फुकटात."

"चहा टाकते," म्हणून मंगलकाकू आत गेल्या. हातात साखरेचा डबा घेऊन त्या ओट्यापाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. सोळा वर्षं ज्या प्रश्नाला त्यांनी चुकवलं होतं, तो आज फॉर्मावर छापून दारात आला होता.

इथं जरा थांबून पत्र्याची कुळकथा सांगायला हवी. ॲस्बेस्टॉस हा खरा दगडच, पण कापसासारखा पिंजता येणारा दगड. तो जळत नाही, कुजत नाही, गंजत नाही, आणि वर स्वस्त. सिमेंटमध्ये शेकडा दहा भाग मिसळला की बोटभर जाडीचासुद्धा नसलेला पत्रा पन्नास पावसाळे काढतो. खोट एवढीच, की त्याचा तंतू उभा चिरतो. चिरत चिरत तो केसाच्या शेकडो पटींनी बारीक होतो आणि श्वासाबरोबर आत जाऊन फुप्फुसात रुतला की निघता निघत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळायला जातात आणि स्वतःच मरतात. हे भांडण आत तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं चालतं आणि माणसाला पत्ता नसतो. मग एक दिवस जिना चढताना धाप लागते. पत्रा शाबूत असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये बांधलेला राहतो. तो सुटतो पत्रा कापला, भोकं पाडली किंवा कोरडा घासला तर.

आणि ही गल्ली पत्रा घासायची. चांगली हौसेनं घासायची! उन्हाळ्यात कुरडया-पापड झाले, वर्षाची चटणी डंकावर कुटून आली, की घासायचं काम निघायचं. गेल्या सालचा चुना आणि त्यावर धरलेलं काळं-करडं तारेच्या ब्रशानं खरवडायचं आणि वर ताजा चुना मारायचा, म्हणजे खाली माग तापत नाहीत. ज्या घराचा पत्रा पांढराशुभ्र, त्या घरची बाई कामसू, असा हिशेब होता. मंगलकाकूंचा पत्रा कायम पांढराशुभ्र असे. पत्रा नवा होता तोवर घासायची गरज पडली नाही, पण धीरज दहा वर्षांचा झाला तेव्हापासून बावीस वर्षांचा होईपर्यंत दर उन्हाळ्यात त्यांनी त्याला शिडीवर ढकललं आणि खाली उभं राहून कान दिला. वरचा खर्र खर्र आवाज थांबला की त्यांचा आवाज सुरू व्हायचा. "थांबलास का? त्या सागरकडं बघ जरा! सोन्यासारखं पोरगं. आणि आमच्या नशिबी हे!"

मंगलकाकूंचे यजमान महादेव वरुटे पत्रे बसवण्याचं काम करायचे. करवतीनं कापायचे, भोकं पाडायचे, आणि संध्याकाळी घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. चौपन्नाव्या वर्षी त्यांच्या छातीत पाणी झालं आणि पाच महिन्यांत ते गेले. ते सत्तावीस साल. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, की हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग आहे आणि तो पत्र्याच्या धुळीनं झालाय. "घरात आणखी कुणी पत्र्याचं काम केलंय का?" त्यांनी विचारलं होतं.

काकू "नाही" म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी तारेचा ब्रश उकिरड्यावर फेकला आणि यापुढं पत्र्याला हात लावायचा नाही म्हणून धीरजला दम दिला. कारण सांगितलं नाही. काय तोंडानं सांगणार? बारा-तेरा उन्हाळे पोराला वर चढवणारी आई तर त्याच होत्या. गल्लीला सांगावं तर ते फिरून धीरजच्या कानावर येणार. म्हणून गल्लीलाही सांगितलं नाही. तेव्हापासून धीरज नुसता खाकरला तरी त्या त्याच्या तोंडाकडं बघत राहायच्या. त्याला कधी मिरचीचा ठसका लागला तरी त्या हातातलं काम टाकून धावत यायच्या, आणि तो म्हणायचा, "आई, तू म्हातारपणी भित्री झालीस."

चहा झाला. तरन्नुम मॅडमनी बशीत ओतून, फुंकर घालत, घरच्यासारखा घेतला. त्यामुळं काकूंचा राग जरा उतरला.

"मॅडम, हे पत्र्यावरचं आणि मसाल्यातलं दगडफूल एकच का हो?"

"भावंडं म्हणा. पण हे मसाल्यात घालू नका हं," मॅडम हसल्या. "दगडफूल म्हणजे एक नसतं, दोघांचा संसार असतो. बुरशी घर बांधते आणि शेवाळ स्वयंपाक करतं. ह्या घराची मुळं पत्र्यात उतरतात आणि तिथं एक आम्ल सोडतात. अळूनं घसा खवखवतो ना, त्याच जातीचं. ते आम्ल तंतूमधलं मॅग्नेशियम ओढून घेतं. मग तंतूची वीणच उसवते. उरतो नुसता भुसभुशीत चुरा, टोचणारी सुई राहत नाही. शिवाय वरनं गोधडी पांघरल्यासारखं झाकण मिळतं ते वेगळंच."

"म्हंजे ज्याला आम्ही घाण म्हणून खरवडत होतो..."

"तेच तुमची राखण करत होतं."

सागरनं कप खाली ठेवला. त्यानं हे पंधरा घरांत ऐकलं होतं, तरी दर वेळी त्याचा चहा इथंच अर्धा राहायचा.

"पण हे काम सावकाश चालतं, पंचवीस-तीस वर्षं लागतात," मॅडम पुढं म्हणाल्या. "आम्हाला ते दोन-तीन वर्षांत करायचंय. त्यासाठी पत्र्यात पुरतं मुरलेलं, खूप जुनं दगडफूल हवंय. त्याच्यापासून आम्ही प्रयोगशाळेत लवकर वाढणारी जात तयार करतोय. मग ते फवारलं की झालं, पत्रा काढायलाच नको. अडचण एकच आहे. तुमच्या गावात सगळ्यांनी पत्रे इतके झटून घासलेत, की जुनं काही शिल्लकच नाही. आणि काल ड्रोनच्या फोटोत हे दिसलं."

त्यांनी फोन पुढं केला. वरुट्यांच्या पत्र्याचा मागचा उतार, ओढ्याकडचा, गल्लीतून न दिसणारा. त्यावर एक गोल हिरवट-करडं दगडफूल होतं, बांगडीएवढं.

"असंल की," काकू म्हणाल्या. "सोळा वर्षं आम्ही पत्र्याला हात लावला न्हाई. त्याआधी मातुर दरसाल घासलेला. दोन्ही बाजू."

"सोळा वर्षांत एवढं मोठं होत नाही, काकू."

"ड्रोनला काय कळतंय?" धीरज एकदम बोलला. "लांबनं फोटो काढला की मोठंच दिसतंय." आणि त्यानं कानाची पाळी खाजवली.

मंगलकाकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. पहिलीत असताना दुसऱ्याची पाटी लपवून आला होता, तेव्हा हा असाच कान खाजवत उभा होता. कॉलेजात नापास झाल्याचं लपवलं, तेव्हाही तेच. लेकराच्या खोट्याचा पत्ता आईला लागायला ड्रोन लागत नाही. त्यांच्या मनात काहीतरी डोकावलं. ते भय नव्हतं, पण त्याला आशा म्हणायचं धाडसही त्यांना होईना.

"चढा," त्या म्हणाल्या.

"आई, अगं..."

"तू गप बस. सागर, शिडी लाव."

मॅडमनी तोंडाला जाड मास्क बांधला, पत्र्यावर आधी पाण्याचा फवारा मारला आणि आडव्या टाकलेल्या फळ्यांवरून सरकत मागच्या उतारावर गेल्या. सागर शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून फवारणीचा पंप धरून होता. खाली काकू पदराचं टोक मुठीत धरून वर बघत होत्या, आणि धीरज पायानं माती उकरत होता.

"बासष्ट मिलिमीटर!" वरून आवाज आला.

"म्हंजे किती वर्षं?" काकूंनी विचारलं.

"दगडफूल गोल वाढतं. आपल्याकडच्या हवेत मध्यापासून कडेपर्यंत वर्षाला एक मिलिमीटर. म्हणजे इकडून तिकडं मोजलं तर वर्षाला दोन. एकतीस वर्षं झाली ह्याला! वर्ष-दोन वर्षं इकडंतिकडं. पत्रा कधी बसवला?"

"दोन हजार नऊ साली," काकू म्हणाल्या.

"मग बसवल्यावर तिसऱ्या वर्षापासून हे इथं आहे. इथं कधीच ब्रश फिरलेला नाही. अख्खा उतार असाच आहे, काकू. हे रत्न आहे रत्न!"

काकू लेकाकडे वळल्या. "धीरज. खरं सांग."

धीरज एकोणचाळीस वर्षांचा, बारा मागांचा मालक, दोन कामगारांना पगार देणारा माणूस. तो खाली मान घालून दहा वर्षांच्या पोरासारखा उभा राहिला.

"मागं कोण बघतंय, म्हणून मागं कधी घासलंच न्हाई."

"आणि पुढं?"

"पुढं बी न्हाई. बादलीभर पाणी मारायचो आणि ओल्यावरच चुना फासायचो. खरवडायला लई जीवावर यायचं."

"खर्र खर्र आवाज यायचा की रं! मी हितं उभी असायची!"

"वर लोखंडी पिंप होतं न्हवं का पाण्याचं? त्याला ब्रश घासत बसायचो. एका हातानं पिंप घासायचं आणि दुसऱ्या हातात क्रिकेटचं मासिक."

"डोक्यावर पांढरी धूळ असायची तुझ्या!"

"चुना होता. उतरायच्या आधी मूठभर मारून घ्यायचो."

मंगलकाकूंनी पायातली चप्पल काढली. धीरजनं डोळे मिटून घेतले. पण चप्पल हातातच राहिली, काकू मटकन शिडीच्या बुंध्याशी बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या, आणि मग दोन्ही एकदम.

"माझ्या आळशा! माझ्या कामचुकारा!" त्यांनी लेकाला ओढून जवळ घेतलं आणि त्याच्या पाठीत चार धपाटे घातले. "वाचलास रं बाबा! तुझ्या आळसानं वाचलास! माझं ऐकलं असतंस तर..."

आणि मग सोळा वर्षं आत दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. बाप कशानं गेला, डॉक्टर काय म्हणाले, आपण काय खोटं सांगितलं, त्यानं खोकलल्यावर आपला जीव कसा टांगणीला लागायचा. धीरज ऐकत राहिला. "एवढं सगळं एकटीनं घेऊन बसलीस?" तो म्हणाला. "मला सांगितलं असतंस, तर मी बी तवाच सांगितलं असतं." ते खरंच होतं. मायलेकांनी एकमेकांपासून एकेक गोष्ट लपवली होती, आणि एक गोष्ट दुसरीचं औषध झाली असती. काकूंना वाटलं, छातीवरची धोंड कुणीतरी उचलून ओढ्यात टाकली. इतका मोकळा श्वास त्यांनी महादेवराव गेल्यापासून घेतला नव्हता.

"काकू," वरून सागरचा आवाज आला. तो अजून शिडीवरच होता. "पत्र्यानं कर्करोग होतोय, हे तुम्हाला कधी कळलं म्हणालात?"

काकूंनी वर पाहिलं. "सत्तावीस साली."

"मी चौतीसपर्यंत घासत होतो," सागर म्हणाला. "बंदी आली तवा थांबलो. सात वर्षं जास्तीची. सगळ्यात स्वच्छ पत्रा आमचा."

तो शिडीवरून उतरला, पंप भिंतीला नीट टेकवून ठेवला, आणि कुणाकडेही न बघता रस्ता ओलांडून आपल्या घरात गेला.

त्यानंतर आठ दिवस सागर ऑफिसला मागच्या बोळातून जायला लागला. वरुट्यांच्या घरात खरं तर सण असायला हवा होता. मॅडमनी नखाएवढा तुकडा नेला होता, त्याच्यापासून जी जात होईल ती गावभर, मग जिल्हाभर फवारायची होती, वर्तमानपत्रात फोटो आला होता. पण काकूंना घास गोड लागेना. स्वतःच्या पोराला वाचवायला म्हणून तोंड मिटलं, आणि ते पोर तर मुळात वाचलेलंच होतं. बळी गेलं ते दुसऱ्याचं, ज्याला आपणच शाबासकी देऊन चढवलं होतं. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बुधवारी कोल्हापूरच्या रुग्णालयात तपासणी होती. मॅडमनी बजावलं होतं, की घासलं नसलं तरी धीरजनं यायचं, आणि काकूंनीही यायचं. "यजमानांचे कपडे कोण धुवायचं?" त्यांनी विचारलं होतं. "मीच की, झटकून झटकून," असं उत्तर दिल्यावर काकूंना त्या प्रश्नाचा अर्थ कळला होता.

सकाळी आठला धीरजला गाडी दारात उभी करायला लावून काकू समोरच्या घरी गेल्या. सागर दाढी करत होता.

"कोल्हापूरला चाललोय. चल."

"मी माझा जाईन कधीतरी."

"कधीतरी न्हाई. आज."

"काकू, तुम्ही जावा. मला तुमच्यासंगं बोलायचं न्हाई."

"बोलू नको." काकू उंबऱ्यातच बसल्या. "मी चुकले, सागर. माझ्या पोरापायी मी तुझ्या जिवाशी खेळले. माफी मागून ते भरून यायचं न्हाई, मला ठावं हाय. तुला शिव्या द्यायच्या असतील तर दे, पायजे तेवढ्या दे. पण गाडीत बसून दे. तोवर मी हितनं उठत न्हाई."

सागरनं आरशातून त्यांच्याकडं पाहिलं. अर्ध्या गालाला फेस तसाच होता. मग त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं आणि सदरा चढवला. कोल्हापूरपर्यंत त्यानं एकही शिवी दिली नाही, आणि एकही शब्द बोलला नाही. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या, असं काकूंना वाटलं.

नवं स्कॅन फुप्फुसातला एकेक तंतू मोजत नाही, पण तो कुठं किती साचलाय आणि आवरण कुठं जाड व्हायला लागलंय, हे दाखवतं. रक्ताची एक चाचणीही करतात. महादेवरावांच्या वेळी ह्यातलं काही नव्हतं. तेव्हा रोग कळायचा तो पाणी झाल्यावर, म्हणजे सगळं हातचं गेल्यावर. आता पहिला ठिपका दिसला की तिथल्या तिथं उपचार होतात आणि माणूस घरी जातो.

दुपारी अडीचला डॉक्टरांनी तिघांना एकत्रच बोलावलं. धीरजची छाती आरशासारखी स्वच्छ होती. "तुम्ही कधी कष्टाचं काम केलेलं दिसत नाही," असं डॉक्टर गमतीनं म्हणाले, आणि धीरजला आईकडं बघायचा धीर झाला नाही.

"मंगलताई, तुमच्यात थोडे तंतू आहेत. सागर, तुमच्यात त्याहून बरेच जास्त आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण दोघांनाही रोग नाही. डाग नाही, सूज नाही, रक्तही चांगलं आहे. कदाचित कधीच काही होणार नाही. फक्त दर वर्षी यायचं. चुकवायचं नाही. काही उगवलंच तर आपण ते बी असतानाच उपटून टाकू."

बाहेर आल्यावर सागर बाकावर बसला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. काकू शेजारी बसल्या, पण हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही.

"आठ दिवस झोपलो न्हाई, काकू," शेवटी तो म्हणाला. "मी मेलो असं धरूनच चाललो होतो."

"मला ठावं हाय. मी सोळा वर्षं झोपले न्हाई."

सागरनं नाक पुसलं. "दर वर्षी यायचं म्हणाले डॉक्टर."

"व्हय."

"दर वर्षी तुम्हीच मला घेऊन यायचं. आजच्यासारखं दारात बसून. मला एकट्याला भ्या वाटतंय. ही तुमची शिक्षा."

"येईन की," काकू म्हणाल्या. "पण बासष्ट वय झालंय माझं. मी मेले म्हंजे?"

"मग धीरज ऱ्हायला," सागर म्हणाला. "तो आळशी. दारापर्यंत यील, आणि खोटंच सांगंल कोल्हापूरला जाऊन आलो म्हणून. त्यामुळं काकू, तुम्ही मरायचंच न्हाई."